टोकाकडून बघितली का?

"गाठ नाही, सरळ आहे, बास की!"

स्पिअरगनसाठी, म्हणजे रबरांच्या ताणावर भाला सोडणाऱ्या, पाण्याखाली मासे मारायच्या बंदुकीसाठी, सागवानाची फळी निवडताना आज हे वाक्य कानावर पडलं आणि दिवसभर डोक्यातच राहिलं.

फळी देखणी होती, यात वाद नाही. पण टोकाकडून पाहिली तर वाढीच्या रेघा अर्धगोल, होडीच्या तळासारख्या. अशी फळी ओलावा कमी-जास्त झाला की वाटीसारखी वाकते. टोकाला रेघा उभ्या हव्यात. शिवाय कडेने पाहताना त्या लांबीला समांतर धावायला हव्यात. तिरप्या असतील तर पीळ पडतो. रबरं ताणली की सगळा दाब या लाकडावरच येतो. भाला बसतो त्या खोबणीला दोन मिलिमीटर बाक आला तरी भाला भलतीकडेच जातो.

म्हणून एकसंध ठोकळा नकोच. 8 ते 12 टक्के ओलाव्याच्या 3 किंवा 5 पट्ट्या घ्यायच्या, शेजारच्या पट्टीच्या रेघा उलट्या दिशेने ठेवायच्या. एकीची ओढ दुसरी रोखते. सागवान तेलकट, त्यामुळे इपॉक्सी हा गोंद लावायच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनने पुसायचं, नाहीतर सांधा पुढे उकलतो. आणि क्लॅम्प जीव खाऊन आवळायचे नाहीत! इपॉक्सीच पिळून बाहेर येतं, सांधा कोरडा राहतो.

शिसव? दिसायला झकास, पण जड. ट्रिगर आणि पोलादी भाला बसला की गन तळ गाठायला बघते.

फळी हातात आली की तुम्ही आधी काय बघता, रंग की टोक?