उद्यमबागच्या फौंड्रीत सुरक्षा प्रशिक्षण : माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेतल्या फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, सुरक्षा प्रशिक्षण द्यायला गेलो की आधी प्रथमोपचार पेटीजवळची वही मागतो. डोळ्यात कण, बोटाला काप, पायावर भाजलं, कंबर धरली. बहुतेक नोंदी याच असतात. कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला, हे मांडलं की सुरुवात कुठून करायची ते कळतं. वही कोरी असेल तर अपघात होत नाहीत असं समजू नये, ते लिहिले जात नाहीत.

वर्ग खोलीत घेत नाही. शिफ्ट लागताना मशीनपाशीच आठ-दहा जणांना गोळा करून पंधरा मिनिटं, मराठी आणि कन्नड दोन्हीत. परप्रांतातली मुलं असतील तर हिंदीतही. शेवटी ‘समजलं का?’ असं विचारण्यात अर्थ नाही, माना सगळेच डोलावतात. ‘करून दाखव’ म्हणायचं.

सगळ्यात जास्त वेळ मी ग्राइंडरला, म्हणजे धातू घासणाऱ्या फिरत्या चाकाच्या मशीनला देतो. बेंच ग्राइंडरचं टूल रेस्ट (जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, टेकवायचा आधार) आणि चाक यांच्यात ३ मिमीपेक्षा जास्त फट नको, गार्डच्या वरच्या जिभेपाशी (सरकवता येणाऱ्या पट्टीपाशी) ६ मिमीपेक्षा जास्त नको. चाक झिजतं तशी फट वाढते, जॉब आत ओढला जातो आणि त्यामागे बोट जातं. म्हणून ३ मिमी जाडीची एक पट्टी मशीनलाच साखळीने बांधून ठेवायला सांगतो. मोजमाप हाताशी असलं तरच लोक मोजतात. फट बसवायची ती चाक पूर्ण थांबल्यावर. नवं चाक चढवण्याआधी लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा आहे, ते वापरायचं नाही. चढवल्यावर गार्ड लावून, बाजूला उभं राहून एक मिनिट रिकामं फिरवायचं.

हँड ग्राइंडरची खोड वेगळी. चार इंची मशीनचा गार्ड काढून सात इंची चाक लावलेलं अनेक ठिकाणी दिसतं. मशीन मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरते आणि सात इंची चाकावर साधारण ८,५०० ची मर्यादा छापलेली असते. चाक फुटलं की तुकडे थेट तोंडावर. प्रत्येकाला चाकावरचा आकडा मोठ्याने वाचायला लावतो.

‘हातमोजे घाला’ ही सरसकट पाटी मला धोक्याची वाटते. कास्टिंग उचलताना, फेटलिंग (कास्टिंगवरचा जादा धातू काढून साफसफाई) करताना मोजे हवेतच. पण ड्रिल आणि लेथवर ते फिरत्या भागात गुंततात आणि हात सोबत नेतात. मनगटातला धागा, अंगठी, सुटी बाही यांचंही तेच. लेथचा बर (धातूचा कीस) मशीन थांबवून आकडीने किंवा ब्रशने काढायचा.

भट्टीसाठी पावसाळ्याआधी वेगळा तास घ्यावा. बेळगावात जूनपासून उघड्यावरचं भंगार भिजतं. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी अडकलं की त्याची वाफ होऊन ते सुमारे १,६०० पट फुगतं आणि धातू उसळतो. भंगार छपराखाली ठेवावं, शक्यतो गरम करूनच टाकावं. दोन्ही तोंडं बंद असलेले पाइप अजिबात टाकू नयेत. लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) आणि स्लॅग (धातूवरची मळी) काढायची सळईसुद्धा आधी तापवून कोरडी करायची. कपडे सुती, कारण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. पँट बुटाच्या बाहेरून सोडायची, आत खोचली तर धातू बुटात उतरतो.

भाजलं तर २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली. टूथपेस्ट, हळद काही नाही. सूज येण्याआधी अंगठी काढायची, चिकटलेलं कापड ओढायचं नाही. डोळ्यात कण रुतला तर चोळू नये, रुमालाच्या टोकाने काढू नये. दाब न देता झाकून दवाखान्यात न्यावं.

सँड मिक्सर (साच्याची वाळू मिसळायचं मशीन) साफ करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडायचा, कुलूप घालायचं, किल्ली आत हात घालणाऱ्याच्या खिशात. मग स्टार्ट दाबून खात्री करायची, तेव्हा कुठे आत हात.

पंधरा-वीस दिवसांनी न सांगता परत जातो आणि पट्टी घेऊन फट मोजतो. कंत्राटी हेल्पर सतत बदलतात, त्यामुळे मालकाकडून एक गोष्ट लेखी घेतो : नव्या माणसाने ग्राइंडरवर हे सगळं करून दाखवल्याशिवाय सुपरवायझरने त्याला मशीन द्यायची नाही.