‘कडेने चालव’ म्हणजे नेमकं कुठून?

पुण्यात सायकलवाल्याला फुकटचा सल्ला मिळतो तो हाच: ‘कडेने चालव.’ सल्ला देणाऱ्याने रस्त्याची कड सायकलवरून पाहिलेली नसते. तिथे वाळू साचते, पावसात पाणी तुंबतं, चेंबरची झाकणं खाली-वर असतात. काँक्रीट आणि त्याला लागून बसवलेले पेव्हर ब्लॉक यांच्यात लांबच लांब फट राहते. सायकलचा तोल हँडलच्या बारीक हालचालींवर टिकतो. २५-२८ मिलिमीटरचा टायर फटीत गेला की हँडल वळत नाही आणि चालवणारा आडवा होतो. अशी फट ओलांडावीच लागली तर वेग कमी करून, शक्य तितकी आडवी ओलांडावी.

म्हणून कडेपासून पाऊण ते एक मीटर आत, सरळ रेषेत चालवा. उभ्या मोटारींच्या रांगेजवळ आणखी लांब, कारण उघडलेलं दार जवळजवळ मीटरभर बाहेर येतं. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. दार दिसून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर सरलेलं असतं. दोन मोटारींमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरू नका. पुढच्या मोटारीपाशी पुन्हा बाहेर यावं लागतं आणि मागच्याला त्याचा अंदाज नसतो.

मोटारवाल्यांसाठी यावर एक बिनखर्ची उपाय आहे: ड्रायव्हरने दार डाव्या हाताने उघडायचं. अंग आपोआप उजवीकडे वळतं, नजर आरशावरून मागच्या रस्त्यावर जाते. याला ‘डच रीच’ म्हणतात. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये २०२२ साली ही पद्धत आली. तिथेही स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे हात तोच. त्याच नियमावलीत ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला सायकलपासून किमान दीड मीटर अंतर सांगितलंय. आपल्या पेठांमध्ये दीड मीटर मिळणार कुठून, असं कुणी विचारेल. नाही मिळालं तर मागे थांबायचं. दहा-पंधरा सेकंदांचा प्रश्न असतो.

हॉर्नचंही तसंच. अगदी मागे येऊन वाजवला की सायकलवाला दचकून उजव्या खांद्यावरून मागे बघतो, आणि मान वळते तिकडे हँडलही थोडं ओढलं जातं. म्हणजे तो तुमच्याच पुढ्यात येतो. वाजवायचाच असेल तर वीस-तीस मीटर आधी, एकदाच. चढावर अंतर वाढवा. ताशी सात-आठ किलोमीटरला सायकल नागमोडी जातेच, त्यात बेशिस्त काही नाही.

सगळ्यांत वाईट जागा मात्र बस किंवा डंपरची क्लीनर साइड. लांब गाडी डावीकडे वळताना तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, आतून कापत येतात. सिग्नलला बस आणि फुटपाथ यांच्यामध्ये दिसणारी मोकळी पट्टी वळताना नाहीशी होते. तिथे घुसू नका. बसच्या मागेच थांबा, किंवा पुढे आधीच जागा असेल तर तीन-चार मीटर पुढे, ड्रायव्हरचा चेहरा दिसेल असं. काचेला खेटून उभं राहिलात तर तो उंचावरून तुम्हाला बघूच शकत नाही. उलट मोटारवाल्यांनी सायकलला ओव्हरटेक करून लगेच डावीकडे कट मारू नये. वळण जवळ असेल तर सायकलच्या मागेच राहावं.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं तर दोन टप्पे करा. आधी सरळ पलीकडे जा, डाव्या बाजूला थांबून सायकल फिरवा, आणि त्या दिशेचा सिग्नल सुटला की निघा. मिनिटभर जास्त जातं, पण तीन लेन कापत जावं लागत नाही.

रात्री मागचा लाल दिवा सतत चालू असलेला बरा. नुसत्या लुकलुकणाऱ्या दिव्यावरून अंतर कळत नाही. घोट्याला रिफ्लेक्टरची पट्टी बांधली तर पॅडलबरोबर ती वर-खाली होते आणि पुढे सायकल आहे हे मागच्याला लांबून ओळखू येतं. कॅरियरवर पिशवी लावल्यावर दिवा झाकला जातो का, हे एकदा मागे उभं राहून बघून घ्या.