हळदीचं जेल आणि नुसतं जेल : माझा एम.फार्मचा अनुभव

भाजलेल्या जखमेवर हळदीचं जेल उंदरांवर तपासायचं, असा विषय ठरला तेव्हा आत्या म्हणाली, “हळद तं आपण रोजच लावतो, त्यात काय शोधून राहिली तू?” तिचं खरंच होतं. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेने १९९५ साली पेटंट दिलं होतं. सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने जुने दाखले पुढे ठेवल्यावर ते १९९७ मध्ये रद्द झालं. सोलापुरात भाजलेल्या रुग्णांवर मध लावून केलेला अभ्यासही १९९१ मध्ये छापून आलेला. गाईड मॅडमचं म्हणणं एवढंच, “नवीन नको, नीट कर.”

नागपूरच्या इतवारी बाजारातली हळद उपयोगाची नव्हती, दर पोत्यात रंगद्रव्य कमीजास्त. म्हणून ते रंगद्रव्यच, शुद्ध कुरकुमिन, घेतलं. ते पाण्यात विरघळत नाही, उजेडात खराब होतं. कार्बोपॉल ही जेल बनवायची पावडर पाण्यात फुगवून ट्रायइथॅनॉलअमाइन या अल्कलीचे थेंब घातले की जेल घट्ट होतं. पण थेंब जास्त झाले की पीएच चढतो आणि पिवळं जेल लालसर पडतं. अल्कोहोलमध्ये कुरकुमिन सहज विरघळलं असतं, पण भाजलेल्या कातडीवर अल्कोहोल कोण लावणार? प्रॉपिलीन ग्लायकॉल या दुसऱ्या द्रावकावर निभावलं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीने मात्र घाम काढला. उंदीर एवढेच का? भूल कोणती? नंतर वेदनाशामक काय? वेदनाशामकाने सूज कमी होते, म्हणजे जखम भरण्यावरही परिणाम होऊ शकतो, म्हणून ते सगळ्या गटांना सारखंच द्यायचं ठरलं. त्यात नागपूरचा मे महिना. अ‍ॅनिमल हाउसला कूलर चालत नाही, ओल वाढते. एसी आणि जनरेटर दोन्हीवर लक्ष ठेवावं लागायचं.

उंदरांचे गट चार: काहीच न लावलेला, नुसतं जेल, कुरकुमिनचं जेल आणि एक टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे भाजल्यावर लावायचं नेहमीचं मलम. शेवटच्याला हरवलं की लोक पेढे वाटतात. पण ते जंतूंना रोखत असलं तरी नवी त्वचा चढायला उशीर लावतं, हे जुनंच माहीत आहे. माझ्या मते खरा सामना नुसत्या जेलशी, कारण ओलावा टिकला तरी जखम बरी भरते.

अडचण रंगाची. पिवळी पाठ दिसली की गट ओळखू येतो, मग मोजणारा हात नकळत झुकतो. म्हणून फोटो कृष्णधवल केले, त्यावरून जखमेची कड एका ज्युनिअरने आखली, तिला गट माहीत नव्हते. पॅथॉलॉजीला स्लाइड फक्त कोड घालून दिल्या. या भागाचा मला जेलपेक्षा जास्त अभिमान आहे.

काहीच न लावलेल्या गटापेक्षा कुरकुमिनचा गट स्पष्ट पुढे होता. नुसत्या जेलपेक्षाही पुढे, पण थोडाच. आलेखात हा फरक मोठा दिसावा म्हणून अक्ष शून्याऐवजी वरून सुरू करण्याचा सल्ला मिळाला. मी शून्यच ठेवला.

व्हायव्हात एक्स्टर्नल सरांनी विचारलं, “खोल भाजलेल्या पेशंटला हे लावशील का?” नाही म्हटलं. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो, त्याने जखम आक्रसून मिटते. माणसात तसं फारसं होत नाही. पूर्ण जाडीची त्वचा गेली, तर मेलेली कातडी काढून स्किन ग्राफ्टच लागतं. सर मान हलवून म्हणाले, “हे थिसिसमध्ये कुठे आहे?” मी पान काढून दाखवलं. मग त्यांनी कार्बोपॉलचा ग्रेड विचारला.