मतलई वाऱ्यावर मुंबई

गुहागर तालुक्यात आता घराघरावर टीव्हीची छत्री आहे. कौलांवर, पत्र्यावर, गोठ्याशेजारी खांब पुरून, जमेल तिथे, आणि सगळ्यांची तोंडं आग्नेयेकडे. ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह तिला बिनतक्रार दिसतो. पाऊस अगदीच कोसळायला लागला तर तेवढा वेळ चित्र जातं, एवढंच. पण सरळ रेषेत जेमतेम १७० किलोमीटरवरची मुंबई काही तिला दिसत नाही. मला ती पाहायची होती. मुंबईला जाऊन नव्हे, त्यासाठी एसटी आहे. घरात बसून, वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेली लाट आमच्या छपरावर उतरवून घ्यायची होती.

यात फायदा काय, हा प्रश्न घरी बराच चघळला गेला. छत्रीवर जे फुकट दिसतं त्याहून वेगळं काही त्या मनोऱ्यावरून येत नव्हतं. तेच दूरदर्शन, त्याच बातम्या. काकी म्हणायची, "अरे, आत लागलंय की ते! बाहेर डासांत बसून काय दिवे लावतोयस?" तिच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती. मी आपला केबल घेऊन पुन्हा बाहेर.

टीव्हीच्या लाटा साधारण सरळ चालतात आणि पृथ्वी मात्र वाकत जाते, ही खरी अडचण. ठोकताळा असा की मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला ४.१२ नं गुणायचं. तेवढे किलोमीटर लाट जाते. वरळीचा मनोरा ३०० मीटरचा, म्हणजे ७१ किलोमीटर. आमचं घर सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, कडेला, समुद्रापासून शंभरेक मीटर उंच, त्याचे आणखी ४१. बेरीज ११२. म्हणजे श्रीवर्धनपर्यंत हिशेब जुळतो. त्याच्या पुढे पाण्याचा फुगवटा आडवा येतो. गणितानं गुहागरला मुंबई दिसायलाच नको.

पण गणितात धरलेली असते ती रोजची, साधी हवा. पावसाळा सरला की आमच्याकडे रात्री मतलई वारे सुटतात, घाटाकडून समुद्राकडे. खाली पाण्याला चिकटून दमट, गारसर हवा आणि तिच्यावर जमिनीवरून आलेली कोरडी, उबदार हवा, असे दोन थर झाले की मधल्या सांध्यापाशी लाट वाकते, खाली येते, पुन्हा वर जाते, पुन्हा वाकते आणि पाण्याच्या अंगानं शेकडो किलोमीटर घसरत जाते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत बसवलेल्या एका रडारला याचा असा काही प्रत्यय आला की ते पडद्यावर अरबस्तानचा किनारा दाखवू लागलं, हजार मैलांहून लांबचा. आणि पावसाळा लागला की खेळ बंद. वारा सगळे थर घुसळून एक करून टाकतो. कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा माझा ट्यूनरही कपाटात असतो. समुद्रावर जायला बरे ते महिने आणि मुंबई दिसायचे महिने बरेचसे सारखेच आहेत.

त्यामुळे हवामानाच्या ॲपपेक्षा मला खालच्या आळीतल्या तांडेलांचा भरवसा जास्त. ते संध्याकाळी बंदरावरून वर येताना कुंपणापाशी थांबतात. "आज वारा पडेल," म्हणाले की मी जेवण लवकर उरकतो. वारा पडला, समुद्र तेलासारखा झाला की थर टिकतात. माझं काय चाललंय ते त्यांना एकदा समजावून सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मग यात बांगडा कुठं आहे ते दिसतं का?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. वाऱ्याचं मात्र अजून सांगतात.

सामान फार नाही. पेनड्राइव्हएवढा यूएसबी ट्यूनर, लॅपटॉप आणि ॲन्टेना. ट्यूनर दोन ठेवलेत. एक स्वस्तातला, आरटीएल२८३२यू नावाच्या चिपचा. तो बनवला टीव्ही पाहायला. पण २०१२ च्या सुमारास हौशी लोकांच्या ध्यानात आलं की तो हवेतला कच्चा सिग्नल जसाच्या तसा संगणकाला देतो. तेव्हापासून जगभरचे रिकामटेकडे (मी धरून) त्याच्यावर विमानांपासून उपग्रहांपर्यंत काय वाट्टेल ते ऐकतात. गंमत अशी की आपल्याकडची डिजिटल टीव्ही त्याला कळत नाही. दूरदर्शननं फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत हे प्रक्षेपण सुरू केलं ते डीव्हीबी-टी२ पद्धतीचं, आणि ही चिप त्याच्या आदल्या पिढीची. म्हणून शोधायला एक आणि पाहायला टी२ वाला दुसरा.

ॲन्टेना घरीच केला. ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास लाटेची लांबी ६० सेंटिमीटर असते आणि दांडी हवी तिच्या निम्मी, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढी. अशा दांड्या एका पट्टीवर ओळीनं बसवायच्या, पुढच्या किंचित आखूड, मागची किंचित लांब. बसवला पोफळीच्या वाशावर. खारी हवा इथे कशालाच सोडत नाही; ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, तांबं हिरवं पडतं आणि केबलचा जोड एका हंगामात बाद होतो. त्यावर ग्रीस चोपडून वरून सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळली, की टिकतो. वानरांवर मात्र उपाय नाही. फणसावरून उडी थेट पट्टीवर. पुढच्या चार दांड्या वाकवून तो गडी असा बसतो, जणू आम्ही त्याच्याचसाठी हा खटाटोप केलाय.

आणि ती रात्र, जेव्हा येतं. शोधणाऱ्या ट्यूनरच्या पडद्यावर एरवी नुसती खवखव असते. डिजिटल टीव्हीचा सिग्नल त्यातून वर उठतो तो आमच्या सड्यासारखा, एकदम उभा चढ आणि वर सपाट. तो आठ मेगाहर्ट्झ रुंद आणि या ट्यूनरला एका वेळी जेमतेम अडीच मेगाहर्ट्झ दिसतात, म्हणून अख्खा सडा कधी दिसत नाही, त्याची कडा शोधावी लागते. ती दिसली की केबल काढून टी२ वाल्याला लावायची. बराच वेळ काळा पडदा. मग हिरवे-जांभळे चौकोन, निवेदिकेचं अर्धं कपाळ, आवाजाचा एक तुकडा, पुन्हा काळोख. आणि मग एकाएकी सगळं स्वच्छ. इतकं स्वच्छ की ते लांबून आलंय यावर कुणाचा विश्वास बसत नाही. काकीला बोलावलं. तिनं दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, "हे तर आत्ता आतमध्ये बघून आले मी."

इथे जुन्या टीव्हीचं मला कौतुक वाटतं. मुंबई केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं. आमच्याकडे टीव्ही यायला पुढे बरीच वर्षं गेली. तेव्हा चित्रात मुंग्या यायच्या, आणि त्या मुंग्यांत किती लांबचं आहे ते लिहिलेलं असायचं. थोड्या मुंग्या म्हणजे हवा बरी, वारूळ फुटलं म्हणजे बूस्टर वाढवा. एक जण ॲन्टेनाशी, एक खिडकीत, एक टीव्हीपाशी आणि "आलं का?", "गेलं!", "आहे तस्सं धर!" असा पुकारा. मे महिन्यात कधीकधी मुंबईच्या जागी कराची लागायची. काही त्याच समुद्री हवेच्या कृपेनं, तर काही शंभर किलोमीटर उंचीवरच्या ई थरावर, म्हणजे हवेतल्या विद्युतभारित पट्ट्यावर, आपटून. उर्दू नाटकं चालायची त्यावर, आणि कळत नसलं तरी आळीतल्या बायका ती जीव लावून पाहायच्या, असं आई सांगते. डिजिटलला हा मधला प्रदेशच नाही. एक तर अख्खं, नाही तर काहीच नाही. आणि त्या मुंग्याही आता संपल्या. मोजकी ठिकाणं सोडून दूरदर्शनचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद करत आणले.

म्हणून हल्ली मी तोच स्वस्तातला ट्यूनर एफएमवर जास्त वापरतो. तिथे अजून खरखर आहे. गेल्या मार्चमध्ये एका रात्री रत्नागिरीकडचं नेहमीचं स्टेशन मधेच दबलं आणि त्याच्यावर एक भारदस्त बाई घाईघाईनं अरबीत बोलायला लागल्या. मोहल्ल्यातले एक चाचा अर्धं आयुष्य मस्कतला ड्रायव्हर होते. त्यांना फोन केला, तर लुंगीवरच आले. लॅपटॉपला कान लावून डोळे मिटून बसले. मी विचारलं, "काय म्हणतायत?" त्यांनी हात वर करून गप्प केलं. थोड्या वेळानं म्हणाले, "हवामान सांगते रे. सूर, सलाला, सगळ्यांचं." मग त्या प्रत्येक गावापासून दुसरं किती तास लांब, कुठल्या वळणावर चहा बरा, ते सांगत बसले. स्टेशन मधेच विरलं तरी त्यांचं चालू होतं. काकीनं न विचारता तिघांना चहा टाकला आणि स्वतःही येऊन बसली.

चाचांनी आता तगादा लावलाय, पुन्हा कधी लागणार म्हणून. तेव्हा दिवाळीनंतर एफएमच्या मापाचा ॲन्टेना करायला घेणार आहे. शंभर मेगाहर्ट्झला दांडी दीड मीटरची होते. वानरांना ऐसपैस.