अडगळीची खोली रिकामी झाली

गुरुवारी बायको आणि दीड महिन्याची लेक खानापूरहून घरी येणार. म्हणून आज अख्खी फौज कामाला. लेकीच्या खोलीला रंग पंधरा दिवसांपूर्वीच मारला होता, वास जायला हवा ना. पण बेळगावचा पाऊस! कोपऱ्यात ओल आलीच. आईने तिथे कॅलेंडर लावलं. (ओलीवर कॅलेंडर, हा आमच्या घराण्याचा जुना इलाज.)

मित्राने हौसेने कागदी पक्षी थेट छताला टांगले. ताई म्हणाली, "अरे, एवढ्या लहान बाळाला 20-30 सेंटीमीटरपलीकडचं धड दिसत नाही. हे काय तुझ्यासाठी लावलंयस?" मग पक्षी निम्म्यावर आले. गोकाकची लाकडी फळं मात्र फळीवरच, लेक बसायला लागेपर्यंत. शेजारच्या अक्का दारातूनच "भाळ छलो आगेती" (फार छान झालंय) म्हणून गेल्या आणि पाच मिनिटांत सगळ्यांना चहा घेऊन आल्या.

आजी या गडबडीत नव्हतीच. खिडकीशी बसून वाकळेचा शेवटचा काठ घालत होती. वरचा पदर तिच्या हिरव्या इरकल लुगड्याचा, धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला. टाके थोडे वाकडे, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन ती अजून टाळतेय. संपल्यावर दोरा दातांनी तोडला, वाकळ मांडीवर पसरली आणि तळहाताने इंच इंच चाचपायला लागली. कुठे सुई राहिली असेल तर म्हणून.

सुई डबीत होती. मी दाखवलीसुद्धा. तरी तिने वाकळ उलटी केली आणि पुन्हा पहिल्यापासून चाचपली.