133 ठोक्यांपर्यंत

आम्ही न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, बफलोजवळ राहतो. लेक पंधरा वर्षांची, शाळेच्या सॉकर टीममध्ये खेळते. ऑक्टोबरातल्या एका मॅचला कॉर्नर आला, दोघी एकाच बॉलसाठी उडाल्या आणि समोरच्या मुलीचं डोकं हिच्या कानशिलावर बसलं. ती लगेच उठली. मला वाटलं, काही नाही, लागलं नाही. पण धावायला लागली ती आपल्याच गोलच्या दिशेने. कोचने तिथल्या तिथे बाहेर घेतलं. इथे तसा कायदाच आहे: कन्कशनचा, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला हादरा बसल्याचा, संशय आला की मुलाला मैदानाबाहेर काढायचं, आणि डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय परत उतरवायचं नाही.

मी सांगलीत शाळेत असताना खो-खो खेळायचे. खांबावर डोकं आपटलेल्या मैत्रिणीच्या तोंडावर पाणी मारून तिला पुढच्या डावाला परत बसवलेलं मी पाहिलंय. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

त्या संध्याकाळी दवाखान्यात नेलं. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, डोळ्यांची एक बाहुली मोठी एक लहान, यातलं काहीच नव्हतं, म्हणून स्कॅन काढला नाही. "बरं वाटेपर्यंत पूर्ण विश्रांती," एवढं सांगून घरी पाठवलं. त्यातला 'पूर्ण' मी अगदी मनावर घेतला. खोलीचे पडदे ओढले, फोन काढून घेतला, शाळा बंद, मैत्रिणी बंद, जेवणाचं ताटही पलंगावर. सांगलीहून आई रोज बजावायची, "डोक्याचा मार आहे गं, तिला हलू देऊ नकोस." सहा दिवस असे काढले. डोकं दुखायचं थांबलं नाहीच, वर रात्रीची झोप उडाली. सहाव्या रात्री ती अंधारात म्हणाली, "आई, मी बरी होणार नाहीये का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कन्कशनच्या क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरबाईंनी आधी तिचे डोळे, मान आणि तोल तपासला. मग विचारलं, सहा दिवस काय केलं? मी सगळं सांगितलं. त्या मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पहिले 24 ते 48 तास जपून राहायचं, स्क्रीन कमी ठेवायची. पण त्यानंतर अंधारात पडून राहिल्याने फायदा होत नाही. शांतपणे चालायला हवं. किती चालायचं, ते आपण मोजून ठरवू.

ही मोजणी म्हणजे ट्रेडमिलची चाचणी. ती आमच्याच गावच्या विद्यापीठात, युनिव्हर्सिटी अ‍ॅट बफलोमध्ये डॉ. जॉन लेडी आणि बॅरी विलर यांनी विकसित केली, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं त्या कॅम्पसवरून गाडी नेतेय मी.

लेकीच्या छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधला. समोर भिंतीवर दोन तक्ते. एक त्रासाचा, 0 ते 10. दुसरा दमण्याचा, 6 ते 20. 6 म्हणजे नुसतं बसलेलं, 20 म्हणजे आता एक पाऊलही नाही. सुरुवातीला त्रास किती? "2." वेग ताशी 3.2 मैल, म्हणजे भाजीला निघाल्यासारखं झपाझप चालणं. पहिलं मिनिट सपाट, मग दर मिनिटाला 1 टक्का चढ. वेग तोच. दर मिनिटाला तेच तीन आकडे: ठोके, त्रास, दमणं.

चौथ्या मिनिटाला त्रास 2, ठोके 121. सहाव्याला 3. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते, तिच्या पोनीटेलचं हलणं बघत. सात दिवसांत पहिल्यांदा ती चालताना दिसत होती. आठव्याला 4. नवव्याला तिने कपाळ आक्रसलं आणि म्हणाली, "5." सुरुवातीपेक्षा 3 अंक जास्त. थांबवलं. ठोके होते 148.

मला वाटलं, नापास झाली. डॉक्टर म्हणाल्या, नाही, आपल्याला हाच आकडा हवा होता. कन्कशनमध्ये मेंदूच्या रक्तप्रवाहावरचा आणि ठोक्यांवरचा शरीराचा ताबा तात्पुरता विस्कटतो. श्रम एका मर्यादेपलीकडे गेले की डोकं दुखायला लागतं. हिची मर्यादा आज 148. तिच्या 90 टक्के म्हणजे 133. रोज 20 मिनिटं त्या आकड्यापर्यंत व्यायाम, त्याच्यावर जायचं नाही. मध्येच त्रास 2 अंकांपेक्षा जास्त वाढला तर त्या दिवसापुरतं बंद.

मी विचारलं, यात धोका नाही ना? त्यांनी 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. 13 ते 18 वयाची 103 मुलं. निम्म्यांना असा मोजून व्यायाम, निम्म्यांना नुसतं स्ट्रेचिंग. बरं व्हायला किती दिवस लागले, त्याचा मध्यांक (म्हणजे निम्मी मुलं जेवढ्या दिवसांत बरी झाली तो आकडा) व्यायामवाल्यांचा 13, स्ट्रेचिंगवाल्यांचा 17. 2021 मध्ये पुन्हा तसाच अभ्यास केला, तेव्हा 14 आणि 19. चार-पाच दिवस कोणाला थोडे वाटतील. अंधाऱ्या खोलीच्या दाराशी बसलेल्या आईला विचारा.

त्या संध्याकाळपासून बेसमेंटमधली जुनी सायकल. टॉवेल, पाण्याची बाटली, छातीला पट्टा, आणि मी स्टूलवर वही घेऊन. "117... 126... 131, हळू." पहिल्या दिवशी बाराव्या मिनिटाला डोकं जड झालं, थांबलो. तिसऱ्या दिवशी पूर्ण 20 झाली. त्या रात्री ती सलग झोपली. व्यायामाने मेंदू बरा झाला की नुसतं काहीतरी हाती आल्याने धीर आला, ते मला वेगळं करता येत नाही. मला दोन्ही हवं होतं. शाळाही अर्ध्या दिवसाने सुरू झाली. शिक्षकांनी नोट्स छापून दिल्या, परीक्षा पुढे ढकलल्या.

एकदा तिने माझी पाठ वळताच 150 गाठले. संध्याकाळभर डोकं धरून बसली. मी ओरडले नाही. वहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी परत 133.

आठवड्याने पुन्हा चाचणी: मर्यादा 163, नवा आकडा 147. त्याच्या पुढच्या आठवड्यात ती दमून थांबली, डोकं दुखून नाही. तिथून मैदानाच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला किमान 24 तास: एकटीने धावणं, मग बॉलचा सराव, मग धक्का न लागणारा टीमचा सराव, आणि डॉक्टरांच्या सहीनंतरच पूर्ण सराव. तोवर बाहेरचा सीझन संपून बर्फ पडायला लागलं होतं. पहिला पूर्ण सराव इनडोअर झाला.

आता सांगलीहून आईचा फोन आला की ती आधी माझी खुशाली विचारत नाही. "तिला दे," म्हणते, आणि मग नातीला, "काय गं, आज किती ठोके?"