घट्ट केलेला ट्रिगर

तक्रार दोनच शब्दांची होती: ट्रिगर ढिला. रामबागेतले वडील, चौदा वर्षांची मुलगी आणि डब्यातून नुकतंच निघालेलं, सगळ्यात स्वस्त गटातलं १० मीटरचं एअर पिस्तूल. पॅरिसमध्ये मनू भाकरनं पदकं मिळवल्यापासून अशी पिस्तुलं इंदूरच्या रेंजवर वारंवार दुरुस्तीच्या टेबलावर येतात. घेताना आईबाप ग्रिपचा रंग बघतात. चाप ओढून बघणारा विरळाच.

चेंबर रिकामं, नळी गोळ्या अडवणाऱ्या भिंतीकडे, नळीतून सुरक्षेची दोरी आरपार. हे झाल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही.

वडिलांनी अंगठा आणि तर्जनीत ट्रिगरचं पातं धरून डावी-उजवीकडे हलवून दाखवलं. हलत होतं खरं. टोकाशी जवळजवळ अर्धा मिलिमीटर. पातं ज्या पिनेवर फिरतं ती काढून मापली तर २.९५, भोक ३.०५. फरक ०.१ मिलिमीटरचा, पण पातं पिनेवर फक्त ६ मिलिमीटर रुंद बसतं आणि टोक तिथून ३० मिलिमीटर लांब, म्हणजे तो ०.१ टोकाशी पाचपट होतो. स्वस्त पिस्तुलात भोक रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) न मारता नुसतं ड्रिलनं पाडतात, त्याचं हे फळ. दिसायला वाईट, बोटाला खटकणारं, पण निरुपद्रवी. बोट सरळ मागे ओढत असेल तर पातं दर वेळी एकाच बाजूला टेकतं.

मला खटकलं ते वेगळंच. चापाला पहिला टप्पाच नव्हता. मॅच ट्रिगरमध्ये आधी थोडी मोकळी चाल असते, मग बोटाला भिंतीसारखा अडथळा लागतो आणि त्या भिंतीवर जोर वाढवला की शॉट सुटतो. इथे बोट टेकवलं की थेट भिंत, तीही भुसभुशीत.

नियमानं एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. नळी सरळ वर धरायची, हवेचा दाब चालू ठेवायचा, वजन पात्याच्या मध्याजवळ अडकवायचं आणि शॉट न सुटता ते आडव्या पृष्ठभागावरून उचललं गेलं पाहिजे. ५०० तर दूरच. पात्याला प्लॅस्टिकचा पेला टांगला आणि सिरिंजनं पाणी सोडत गेलो. एक मिलिलीटर म्हणजे एक ग्रॅम, पेल्याचं वजन वेगळं धरायचं. दहा वेळा मोजलं. सर्वांत कमी ३१०, सर्वांत जास्त ३९०. कमी असणं एक वेळ समजतं, पण दर वेळी वेगळं म्हणजे सिअर काठावर उभा आहे.

सिअर म्हणजे हॅमरला, म्हणजे आपटून हवा सोडणाऱ्या हातोड्याला, अडवून धरणारा दात. पिस्तूल कॉक केलं, म्हणजे हॅमर मागे ओढून अडकवला, पेलेट (शिशाची छोटी गोळी) न घालता, आणि ग्रिपच्या बुडाला रबरी हातोडीनं हलकेच ठोकलं. चौथ्या ठोक्याला हॅमर आपोआप सुटला. ट्रिगरला कुणाचं बोट नव्हतं. हेच पेलेट भरून लेनवर झालं असतं, तेही मुलगी हात उचलत असताना, तर? ४.५ मिलिमीटरचं शिसं डोळा घालवायला पुरेसं असतं.

स्क्रूंवर कारखान्यात पिवळ्या रंगाची खूण करतात. एकाच स्क्रूची खूण तुटलेली होती: पहिल्या टप्प्याच्या. हा स्क्रू आत घेतला की पातं मागे सरकतं आणि मोकळी चाल संपते. त्याहून पुढे घेतला की पातं सिअरला आधीच ढकलू लागतं, दात अर्धवट सुटलेला राहतो. दीड मिलिमीटरच्या ऍलन कीनं उलटा फिरवत गेलो. खुणेचे दोन तुकडे जुळायला दीड फेरा लागला. एम-३ च्या स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे पाऊण मिलिमीटर. दात मुळात तेवढाही खोल अडकत नाही.

वडील म्हणाले, पहिल्यांदा पातं हललं तेव्हा ते दुकानातच परत नेलं होतं, दुकानदारानं पाच मिनिटांत ‘घट्ट’ करून दिलं. बाजूचा खुळखुळा तसाच राहिला, पुढची चाल तेवढी गेली. त्याला दोन्हींत फरक कळला नसेल, किंवा कळूनही गिऱ्हाईक वाटेला लावायचं असेल. यातलं दुसरं कारण खरं असावं असा माझा कयास.

स्क्रू जागेवर आल्यावर पहिला टप्पा परतला, सुमारे दोन मिलिमीटर. वजन ४६० भरलं, ते स्प्रिंगच्या स्क्रूनं ५२० वर नेलं. नेमक्या ५०० वर कधी ठेवू नये. स्प्रिंग बसत जाते आणि सामन्यानंतरच्या तपासणीत दोन ग्रॅमसाठी माणूस बाद होतो. हातोडीचे वीस ठोके, एकदाही सुटला नाही. मग स्क्रू आपोआप फिरू नये म्हणून आट्यावर जांभळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रूचा डिंक, एक थेंब. लाल लावलं तर पुढच्या माणसाला स्क्रू तापवल्याशिवाय निघणार नाही.

पिस्तूल मुलीच्या हातात दिलं. वडिलांनी चाप दाबून बघितला आणि त्यांचा चेहराच पडला.

“सर, हा तर आधीपेक्षा ढिला झाला!”

समजावलं. पेला, पाणी, हातोडी, सगळं पुन्हा करून दाखवलं. मुलीला दोन ओढण्यांत कळलं. वडिलांची नजर मात्र पात्यावरच. शेवटी पिनेवर दोन्ही बाजूंना ०.१ मिलिमीटरच्या चकत्या घातल्या. बाजूची फट ०.३ होती, त्यातली ०.१ मुद्दाम सोडली. पूर्ण भरली तर पातं अडकतं आणि दाबल्यावर परत येत नाही, तो आणखी मोठा धोका. खुळखुळा बराच कमी झाला. वडील खूश होऊन गेले, ते चकत्यांमुळे.

आता वाटतं, चकत्या आधीच घालायला हव्या होत्या का? की घालायलाच नको होत्या? घरी कुणी विचारलं तर ते सांगतील, सरांनी ट्रिगर घट्ट करून दिला.

संध्याकाळी दुकानदाराला फोन करून स्क्रूचं सांगितलं. तो म्हणाला, “कस्टमर बोला ढीला है, हमने टाइट कर दिया. गलत क्या किया?” त्या खेपेतली आणखी किती पिस्तुलं अशी परत आली होती, ते विचारलं. त्यानं फोन ठेवला.